नोकरी, लोकल, लेक आणि बेचाळीस किलोमीटर: वेळ आणायचा कुठून?

ठाकुर्ली_फास्ट (६ जुलै, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ३८. राहायला डोंबिवली पूर्व, नोकरी बीकेसीत. सव्वाआठची लोकल, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा, संध्याकाळी तेच उलट. घरात पाय ठेवेपर्यंत साडेआठ वाजतात, कधी नऊ. बायकोची नोकरी ठाण्यात, लेक चार वर्षांची, आई-वडील गावी.

हाफ मॅरेथॉन धावून झाली आहे, साताऱ्याची यवतेश्वर घाटातलीसुद्धा. आता जानेवारीत मुंबईला पूर्ण ४२.१९५ करायची आहे. पण नेटवरचा कुठलाही प्लॅन उघडा: आठवड्यातून पाच दिवस पळा, रविवारी तीन तास पळा, दोन दिवस जिम करा आणि वर आठ तास झोपा. हे प्लॅन लिहिणारे कुर्ल्याचा पूल चढत नसावेत.

नोकरी-संसार सांभाळून ज्यांनी फुल केली आहे त्यांनी एवढंच सांगा, वेळ नक्की कुठून काढला? 'इच्छा तेथे मार्ग' नको. वेळापत्रक हवंय.

पहाटवारा

सोप्पं आहे. पावणेचारचा गजर. साडेचारला रस्त्यावर, सहाला घरी, आंघोळ, चहा, लोकल. सगळं जग झोपलेलं असतं तेव्हा कोणी काम सांगत नाही, फोन येत नाही. पहिले पंधरा दिवस जीव जातो, मग सवय होते. बाकी सगळे बहाणे.

खवचट_खान

पावणेचारला उठायचं म्हणजे काही लोकांची झोपायची वेळ झाली की हो.

नाडीपरीक्षा

पहाटवारा, तुम्ही झोपता किती वाजता ते लिहिलंच नाहीत. धागाकर्ते साडेआठ-नऊला घरी येतात. जेवण, मुलीला झोपवणं धरून अकरा. पावणेचारला उठले तर पावणेपाच तास. असं महिनाभर चालेल, सहा महिने नाही. सरावाने शरीर सुधारत नसतं. सरावाने ते मोडतं आणि झोपेत दुरुस्त होतं. दुरुस्तीची वेळ कापून मोडतोड वाढवली की नडगी, टाच, गुडघा यांपैकी काहीतरी बोलायला लागतं. रोज उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागले तर त्या दिवशी बूट घालू नका.

आणि ३८ वय आहे, घरात कोणाला हृदयविकार असेल तर आधी बीपी, साखर, ईसीजी बघून घ्या. हे धावणाऱ्यांना आवडत नाही, तरी सांगतो.

पहाटवारा

साडेनऊला झोपतो डॉक्टर. टीव्ही नाही, मोबाईल नाही.

खवचट_खान

आणि आता रात्री सव्वाअकराला हा प्रतिसाद कोण टाईपतंय? :)

घाटमाथा

(पुण्याहून, मोबाईलवरून टाईपतोय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.)

वेळेच्या आधी वेगाबद्दल बोलू. नोकरदार माणूस करतो काय, की वेळ कमी आहे म्हणून जेवढा मिळाला तेवढा जीव खाऊन पळतो. चाळीस मिनिटं मिळाली, चाळीसही मिनिटं धापा टाकत. त्याने दमणूक होते आणि पाया काही बांधला जात नाही. लांब पल्ल्याला लागतो तो दम हळू पळूनच येतो. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींतली मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, चरबी जाळून पळायची सवय लागते. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण ८० टक्के सराव सोपा आणि २० टक्केच कठीण असं दिसलं. आपल्यासारखे हौशी नेमके मधल्या वेगात अडकलेले असतात, ना सोपा ना कठीण.

कसोटी एकच: पळता पळता शेजारच्याला अख्खं वाक्य सांगता आलं पाहिजे. मी हनुमान टेकडीवर जातो तिथे एक काका रोज भेटतात. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, चढावर मित्राला पेन्शनच्या भानगडी सविस्तर सांगत पळत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे काय पळणं? पाचव्या किलोमीटरला ते माझ्या पुढे होते आणि पेन्शनचा विषय संपून सुनेचा सुरू झाला होता.

मग वेळापत्रक. आठवड्यातून चार दिवस पुरतात. दोन सोपे ४५-५० मिनिटांचे, एक जरा जोरात, रविवारी लाँग रन. अमेरिकेत फर्मन विद्यापीठाचा तर तीनच दिवस पळायचा आराखडा आहे, सोबत दोन दिवस सायकल किंवा पोहणं.

मिसळपाव_रनर

घाटमाथा यांना +१. त्या काकांना मी ओळखतो बहुतेक. सुनेचा विषय वेताळ टेकडीपर्यंत पुरतो.

चिकाटी_चिकणी

नोकरी करून पळणाऱ्यांचा देव म्हणजे जपानचा युकी कावाउची. सायतामा प्रांतातल्या सरकारी शाळेच्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी. दुपारनंतरची ड्यूटी, म्हणून सराव सकाळी आणि तोही दिवसातून एकदाच. कंपन्यांच्या संघातले जपानी धावपटू दोनदा करतात. कठीण सराव वेगळा करायला वेळ नाही म्हणून हा पठ्ठ्या शर्यतीच सराव म्हणून पळायचा. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकला, गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा असताना. भलेभले व्यावसायिक त्या दिवशी अर्ध्यावर बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली, पण जिंकला तो नोकरी करतानाच.

सोनचाफा

कावाउचीचा डबा कोण भरत होतं हे कुठे वाचनात आलं का?

चेष्टा बाजूला. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. झोप, नाडी, मायटोकॉन्ड्रिया सगळं आलं. सकाळी सहा ते आठ या वेळात धागाकर्त्यांच्या घरात काय चालू असतं, हे एकानेही विचारलं नाही. चार वर्षांच्या मुलीला उठवणं, दूध, आंघोळ, वेणी, शाळेचा डबा, दोघांचे डबे. तुम्ही सहाला घरी येऊन 'आंघोळ, चहा, लोकल' करता पहाटवारा, तेव्हा कणीक कोणी मळलेली असते?

मी स्वतः फुल धावले आहे. घरात मुलगा, सासूबाई, नवऱ्याची फिरतीची नोकरी. वेळ 'काढला' असं म्हणायची पद्धत आहे, पण तो कुठून निघत नाही हो, कोणाकडून तरी घेतलेला असतो. एक तर स्वतःच्या झोपेतून, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाकडून. तो कोणाकडून घेताय हे आधी बसून ठरवा. किलोमीटर नंतर.

आम्ही काय केलं ते सांगते. रविवारी रात्री कॅलेंडर समोर घेऊन बसायचं. माझे पळायचे दिवस मंगळ, गुरू आणि रविवार. त्या दिवशी सकाळ पूर्ण नवऱ्याची, डबा धरून. तो फिरतीवर असेल त्या आठवड्यात मी ऑफिसच्या जिममध्ये ट्रेडमिलवर जेवणाच्या सुट्टीत. आणि माझ्या लाँग रनइतकेच तास त्याला शनिवारी मोकळे, त्याने काय करायचं ते करावं. तो झोपतो. हरकत नाही.

कणीक_तिंबणारा

सोनचाफा, दंडवत घ्या. हा प्रतिसाद प्रिंट करून फ्रीजवर लावतो.

खवचट_खान

फ्रीजवर लावून उपयोग नाही, फ्रीज उघडून कणीक बाहेर काढा.

पहाटवारा

मुद्दा मान्य. आमच्याकडे पोळ्यांना बाई येतात, त्यामुळे डोक्यात आलं नाही. पण पहाटेची वेळच सगळ्यात कमी लोकांना त्रास देते हे माझं मत कायम.

रानजाई

आणखी एक. साडेचारला बाहेर पडा म्हणणारे सगळे पुरुष. मी उजाडल्याशिवाय एकटी बाहेर पडत नाही, टेकडीवर तर नाहीच. गटाबरोबर असेल तरच अंधारात. म्हणजे माझ्यासाठी वेळेचं गणित तास-दीड तासाने उशिराच सुरू होतं.

शिवाय कुत्री. पहाटे त्यांची सभा भरलेली असते आणि पळणारं माणूस हा अजेंड्यावरचा पहिला विषय.

घाटमाथा

कुत्री मागे लागली की पळणं थांबवायचं, सरळ चालायला लागायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. बहुतेक वेळा सोडून देतात. पेस (पळायचा वेग) मात्र बिघडतो.

खवचट_खान

उलट माझे सगळे पर्सनल बेस्ट कुत्र्यांमुळेच आहेत.

पेडलपांडू

सायकलवाल्यांच्या बाजूने थोडं. मी ठाण्याहून पवईला सायकलने ऑफिसला जातो. जाण्यायेण्याचा वेळ तसाही जाणारच असतो, तोच सराव. बीआरएमची तयारी अशीच केली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीसात, ६०० चाळीसात. एकाच मोसमात चारही केल्या की सुपर रँडोनर.) आठवडाभर रोजचं येणंजाणं आणि महिन्यातून एक-दोन रविवार मोठी राइड, बस. ऑफिसात आंघोळीची सोय हवी ही मुख्य अट. ती नसेल तर तुमच्या शेजारच्या टेबलावरची माणसं एचआरकडे जातील.

नाशिकचे महाजन बंधू दोघेही डॉक्टर, दवाखाने सांभाळून २०१५ ला दोघांच्या संघात रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ ला तीच एकट्याने. त्यामुळे 'वेळ नाही' हे निदान डॉक्टरांसमोर तरी बोलायची चोरी आहे.

नाडीपरीक्षा

आमच्या व्यवसायातली ही दोन-तीन उदाहरणं आमच्या घरीही सांगितली जातात. कृपया थांबवा.

ठाकुर्ली_फास्ट

सर्वांचे आभार. सायकल डोंबिवली ते बीकेसी शक्य नाही, शिळफाट्याचं ट्रॅफिक बघितलं असेल तर कळेल. पण जाण्यायेण्याच्या वेळेतच सराव ही कल्पना डोक्यात बसली. संध्याकाळी ऑफिसातून निघून कुर्ला स्टेशनला पळत जाता येईल का? रिक्षाची रांग बघता वेळ तेवढाच लागेल.

मिसळपाव_रनर

मग त्या घामाने साडेसातच्या गाडीत चढणार? सहप्रवाशांचे मानवी हक्क?

पेडलपांडू

उलट करा. लोकलने एक स्टेशन आधी उतरा आणि तिथून घरी पळत या. कोपरला उतरलात तर फार अंतर नाही, थोडा वळसा घालावा लागेल. घामाघूम व्हाल ते स्वतःच्या बाथरूमच्या दारात. पाठीला चिकटून बसणारी छोटी सॅक घ्या, लॅपटॉप ऑफिसात ठेवा. लॅपटॉप घेऊन पळू नका, कंबर जाते.

आष्टीकर

याला तुम्ही लोक काय म्हणता, 'रन कम्यूट'? आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला सहा किलोमीटर असाच जायचा-यायचा, एसटी नव्हती म्हणून. पुढे ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांच्या शर्यतीत) बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० ची वेळ आणि रौप्य. २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत. तेव्हा कोपरला उतरा बिनधास्त.

जुनीजाणती

आमची आजी दरवर्षी आळंदी ते पंढरपूर चालायची. दिवे घाट चढून सासवड गाठायचं, डोक्यावर तुळस. ना बूट, ना घड्याळ, ना प्लॅन.

खवचट_खान

आजीला एकादशीच्या दुसऱ्या दिवशी क्लायंट कॉल नव्हता हो.

नाइटशिफ्ट_सिस्टर

मी नर्स आहे, मुंबईतल्या एका रुग्णालयात. ड्यूट्या फिरत्या, त्यामुळे 'रोज ठरावीक वेळी' हे वाक्य वाचलं की हसू येतं. मी आठवड्याचा प्लॅन वारांवर लावतच नाही. चार धावांच्या चार चिठ्ठ्या असतात: लांब, जोराची, सोपी, सोपी. आठवड्यात त्या संपवायच्या, कुठलीही कधीही. नियम दोन. रात्रपाळीवरून आल्यावर आधी झोप, मग पळणं. आणि लांब व जोराची लागोपाठच्या दिवशी नाही. एखादी चिठ्ठी राहिली तर ती गेली, पुढच्या आठवड्यात तिची उधारी नाही.

जिना हा माझा घाट. रुग्णालयात लिफ्ट वापरत नाही, पेशंट बरोबर असेल तरच.

आणि बायकांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. 'सराव करूनही दम लागतो' म्हणणाऱ्या किती जणींचं लोह तळाला गेलेलं असतं ते मी रोज बघते.

मस्कतचा_मालवणी

इथे जूनपासून पहाटे चारलाही पारा तिशीच्या वर असतो आणि समुद्राची दमट हवा. त्यामुळे पहाट की संध्याकाळ हा वाद आमच्याकडे तीन महिने बंदच. ट्रेडमिल झिंदाबाद, तोंडासमोर पंखा आणि मुलांचा अभ्यास शेजारी बसवून. 'सात आठे किती' विचारताना धाप लागली तर पेस जास्त आहे असं समजतो. घाटमाथांची कसोटीच ती.

चिकाटी_चिकणी

लाँग रनचं काय पण? तीन तास सलग कुठून येणार, हाच तर मूळ प्रश्न आहे. मी वाचलंय की हॅन्सन नावाच्या सरावाच्या पद्धतीत सगळ्यात लांब धाव १६ मैलांची, म्हणजे २६ किमीच्या आसपास. तेवढीच पुरते.

घाटमाथा

पुरते, पण ते आठवड्यातून सहा दिवस पळायला लावतात. दमलेल्या पायांवर ती २६ येते, म्हणून पुरते. इकडून लाँग रन छोटी उचलायची आणि तिकडून आठवड्याचे तीन दिवस उचलायचे, असं मिक्स भाजीसारखं करू नका. चार दिवसच पळणार असाल तर ३० च्या आसपासच्या दोन-तीन धावा तरी हव्यात, शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. शरीरातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) तीस किलोमीटरच्या आसपास संपायला येतं, तिथे काय होतं ते आधी एकदा घरच्या रस्त्यावर अनुभवलेलं बरं. मुंबईत फुल मॅरेथॉनवाल्यांना पेडर रोडचा चढ नेमका तेव्हाच भेटतो.

मात्र दर रविवारी लांब पळायची गरज नाही. दोन रविवार वाढवत न्या, तिसऱ्या रविवारी निम्मं करा. तो रविवार घरच्यांचा.

मिसळपाव_रनर

लाँग रनला खायला काय नेता? जेल परवडत नाहीत आणि चव खोकल्याच्या औषधाची. मी खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की.

पेडलपांडू

उकडलेला बटाटा, मीठ लावून. पाचशे-सहाशे किलोमीटरला गोड बघवत नाही.

रानजाई

सिंहगडावर पळत गेलं की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. नंतर पळत खाली उतरता येत नाही, पण तक्रार नाही.

नाडीपरीक्षा

खाण्यावरून धागा भरकटायच्या आत: पाणी तहानेप्रमाणे प्या. दर टेबलावर ग्लास रिकामा केलाच पाहिजे असं नाही. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं सोडियम खाली गेलं तर ते डिहायड्रेशनपेक्षा महागात पडतं. आपल्या दमट हवेत लांब पळताना ओआरएस सोबत ठेवा.

खवचट_खान

भरकटायच्या आत? डॉक्टर, धागा केव्हाच सिंहगडावर पोचून दही खातोय.

ठाकुर्ली_फास्ट (१९ जुलै)

रविवारी बायकोबरोबर कॅलेंडर घेऊन बसलो. सोनचाफा, तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "या बाईंचा नंबर आहे का?"

ठरलं ते असं. मंगळवारी पहाटे साडेपाच ते सव्वासहा, सोपी धाव, नव्वद फुटी रस्त्यावर. सव्वासहानंतर लेकीचं सगळं माझ्याकडे, वेणीसकट (यूट्यूबवर शिकतोय, लेकीचा अजून विश्वास नाही). गुरुवारी बायको वर्क फ्रॉम होम असते, त्या संध्याकाळी लोकलने कोपरला उतरून वळशाने घरी. शुक्रवारी जमलं तर जोराची चाळीस मिनिटं सोसायटीच्या बाहेरच्या रस्त्यावर, लेक झोपल्यावर. नाही जमली तर चिठ्ठी गेली. रविवारी लाँग रन, साडेआठच्या आत घरी. तिसरा रविवार निम्मा.

शनिवार सकाळ आठ ते अकरा बायकोची. लग्नाआधी ती कथक शिकायची, तो क्लास पुन्हा लावलाय.

झोपायची वेळ दहा. त्यासाठी क्रिकेट बघणं बंद करावं लागणार, हा या सगळ्यातला खरा त्याग.

सोनचाफा

शुक्रवार रात्रीची जोराची धाव काढून टाका. रात्री साडेनऊला जोरात पळून दहाला झोप लागत नाही. मंगळवारच्याच धावेत मध्ये सहा वेळा एक-एक मिनिट जोरात पळा. आणि बायकोला म्हणावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटमाथा

सहमत. तीन दिवस झाले तर तीन दिवस, पण एक दिवस सायकल किंवा जिने जोडा. ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?

ठाकुर्ली_फास्ट

नवव्या.

नाइटशिफ्ट_सिस्टर

झालं की मग काम. उतरताना मात्र लिफ्ट, गुडघे वाचवा.

पहाटवारा

येत्या रविवारी आमचा ठाण्याचा गट येऊरला जातोय. उपवन तळ्यापाशी पहाटे पाचला. पावसात वरचा रस्ता भन्नाट असतो, शेवाळाकडे लक्ष ठेवावं लागतं एवढंच. सगळे सोप्या पेसचे आहेत, गप्पा मारत पळणारे. ठाकुर्ली_फास्ट, येताय का? रानजाई, तुम्हीही या, बायकाही बऱ्याच आहेत गटात.

रानजाई

येते. सोबत एक मैत्रीण आणते.

ठाकुर्ली_फास्ट

डोंबिवलीहून पाचपर्यंत पोचेन अशी गाडी आहे. परत किती वाजतील? साडेआठचा शब्द दिलाय घरी, शिवाय रविवारचा मेगाब्लॉक.

पहाटवारा

सातला खाली. मेगाब्लॉक अकराच्या सुमाराला सुरू होतो, त्याच्या कितीतरी आधी तुम्ही घरी वेणी घालत असाल.

खवचट_खान

मीही येतो. कुत्री आहेत ना तिथे?